काय म्हणतात गं?

माझी थोरली गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि धाकटी साडेपाचची. गुरुवारी ताप आला, सोमवारी दुपारी सगळं संपलं. मेंदूला सूज आली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोक हळहळत विचारायचे, "असं कसं हो झालं एकदम?" आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदम नाही तर काय, असलं काही आधी पत्र पाठवून येतं का? पण फाडकन बोलायचीही सोय नव्हती. निम्म्या लोकांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची.

आम्ही तेव्हा बंगळूरला राहत होतो. नव्वदनंतरची वर्षं. हे सरकारी कारखान्यात इंजिनियर, बदली होऊन तिथं गेलेले. पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, त्याच्या अलीकडे एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. पुढच्या भागात मालकीणबाई राहायच्या, पन्नाशीच्या, एकट्याच. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का म्हणायला लागलो. ह्यांचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. माझं शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत. इंग्रजी वाचलं तर कळायचं, बोलायला गेलं की दातखीळ बसायची. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेली, आणि त्या गल्लीत तीही कुणाला समजायची नाही. पहिले दोन महिने मी भाजीच्या गाडीसमोर नुसती बोटं दाखवत उभी राहायची. आधी वांग्यांकडे एक बोट, मग किलोसाठी दोन. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही केवढी शिक्षा होती, ते माझं मलाच माहीत.

थोरली कन्नड कुठं शिकली म्हणाल, तर रस्त्यावर. लंगडी खेळता खेळता आणि भांडता भांडता तीन महिन्यांत पोरगी अशी फडाफडा बोलायला लागली, की अक्का म्हणाल्या, "ही आमचीच आहे, तुम्ही कुठून उचलून आणलीत?" हे त्या म्हणाल्या हेसुद्धा मला तिनंच मराठीत सांगितलं आणि वर विचारलं, "आई, खरं सांग, मला उचलून आणलंय का?" म्हटलं, "हो, आणि आता परतही घेत नाहीत." ती खदाखदा हसली.

त्यानंतर बाहेरच्या जगाशी माझं जे काही बोलणं व्हायचं, ते तिच्या तोंडून. दारात गॅसवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर शेजारची बाई हळदीकुंकवाला बोलवायला आलेली असो. मी पदर खोचून तिच्या मागं उभी राहायची आणि विचारायची, "काय म्हणतात गं?" दिवसातून वीसदा. ती कंटाळायची नाही. उलट शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून विचारायची, "कुणाला काही सांगायचंय का?"

मी तिच्याकडून चार शब्द उचलले होते, नाही असं नाही. पण ते कसले शब्द! पोरीपोरी खेळताना बोलतात तसले. 'ये' आणि 'या' यांत कन्नडमध्येही आपल्यासारखाच फरक असतो, हे मला कोण सांगणार? अक्कांचे म्हातारे मामा एकदा दारात आले, तर मी मोठ्या आदबीनं हात जोडून म्हणाले, "बा, कूतुको." म्हणजे, ये रे, बस. म्हातारे अवाक झाले. अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, आणि थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला.

आता त्या चार दिवसांचं सांगते, आणि लवकर सांगते, कारण मला ते लांबवता येत नाही. शुक्रवारी तिला जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. उपचार चालू होते, डॉक्टर येऊन बघत होते, इंग्रजीत ह्यांना समजावत होते. हे नसले की मग नर्सशी कोण बोलणार? तीच. आजारी तीच आणि दुभाषीही तीच. नर्स थर्मामीटर बघून काहीतरी म्हणायची, मी विचारायची, "काय म्हणतात गं?" आणि ती डोळे मिटल्या मिटल्या मला सांगायची. सोमवारी सकाळी नर्सनं ताप बघितला आणि म्हणाली, "कम्मि आगिल्ल." हा शब्द मला माझा मला कळला. कमी! मी हरखून थोरलीला विचारलं, "कमी झालाय ना गं?" ती म्हणाली, "हो आई. कमी झालाय." मी ह्यांना म्हटलं, "तीन दिवस तुम्ही झोपलेला नाहीत, कारखान्यात एक चक्कर टाकून या, ताप उतरतोय." हे गेले. दुपारी त्यांना निरोप पोचेपर्यंत ती राहिली नव्हती.

मग गावाकडची माणसं आली. घर भरलं, पंधरा दिवस सगळीकडे मराठीच मराठी. मी बोलले, भांडले, ओरडून रडले, आणि ते सगळं कुणालातरी समजत होतं. सासूबाई म्हणाल्या, "चल गावाला, सहा महिने राहा." मी नाही म्हटलं. तिचं जे काही होतं ते बंगळुरातच होतं, गावाला काय होतं? माणसं गेली आणि दोन खोल्यांत आम्ही तिघं उरलो.

माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी दारात आल्या. हातात वही. त्या काहीतरी बोलल्या, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "काय म्हणतात गं?" सांगायला कुणी नव्हतं. म्हणजे मला वाटलं, कुणी नाही. धाकटी पलंगावरून उतरली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या म्हणतात, ताईची वही त्यांच्याकडे राहिली होती." मग मैत्रिणींकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि वही घेतली. तिला इतकं कन्नड येतं हे मला माहीतच नव्हतं. ताईच्या मागं मागं फिरून ती गुपचूप सगळं शिकली होती. आणि मी काय केलं? मी तिला जवळ घेतलं नाही. वही घेतली आणि आत गेले.

असं ते काम तिच्याकडे आलं. कुणी दिलं नाही, तिनं घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

त्या महिन्यांतलं आमचं घर कसं होतं, ते सांगायला मला लाज वाटते. मी सकाळी उठायची, चहा टाकायची आणि तो उकळून उकळून काळा होईपर्यंत बघत राहायची. हे न बोलता दुसरा टाकायचे. जेवायला बसलो की मी चार ताटं घ्यायची आणि एक परत ठेवायची, आणि ते परत ठेवताना हे मान खाली घालून ताटातल्या मिठाशी चाळा करत बसायचे. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचा इतका संताप यायचा! एकदा धीर करून ते म्हणाले, "आपल्याला अजून एक आहे. तिच्याकडे बघून तरी..." हातातलं लाटणं मी भिंतीवर भिरकावलं. "अजून एक म्हणजे काय? पोरगी म्हणजे काय बटण आहे का शर्टाचं? एक तुटलं, अजून एक आहे?" ते उठून बाहेर गेले. धाकटीनं लाटणं उचलून धुतलं आणि पोळपाटावर ठेवलं. खरं बोलले होते ते. मी तिच्याकडे बघतच नव्हते.

धाकटी तेव्हा बालवाडीच्या वरच्या वर्गात होती. ती शाळेत जाईना. रिक्षा दारात आली की पलंगाची दांडी घट्ट धरून बसायची. आधी वाटलं, भीती बसलीय. ह्यांनी गोडीगोडीनं विचारलं तर म्हणाली, "मी शाळेत गेले तर आईला कोण सांगणार?" शाळेतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, राहू दे या वर्षी, जूनमध्ये पहिलीत बसवा, पण तेव्हा मात्र यायलाच हवं. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. तिची शाळा बुडतेय याचं काही नाही, दार वाजलं तर माझ्यापुढं कुणीतरी उभं राहील, याचं बरं वाटलं. आई म्हणवून घ्यायची बाई मी, आणि साडेपाच वर्षांच्या पोरीच्या पाठीमागं लपायची.

अक्का हे सगळं बघत होत्या. थंडीत तिकडे अवरेकाळू येतात, आपल्या पावट्यासारखे दाणे, आणि घरोघरी ढिगानं सोलतात. एका दुपारी धाकटी झोपली होती तेव्हा त्या शेंगांची पाटी घेऊन आल्या, माझ्यासमोर ओतली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "नानु." मग माझ्याकडे बोट, "नीनु." मी, तू. मला आधी रागच आला. म्हटलं, ही बाई मला शाळेत घालायला निघाली की काय. पण त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

मी शिकले ते धाकटीसाठी. जूनच्या आत मला येईल, मग मी तिला सांगेन, जा बाई शाळेत, मला आता येतं. म्हणून तिला कळू न देता शिकायचं ठरवलं, ती झोपली की. अक्कांनी माझी सगळी 'बा' आणि 'कोडु', म्हणजे ये आणि दे, काढून तिथं 'बन्नि' आणि 'कोडि', म्हणजे या आणि द्या, बसवली. मोठ्या माणसांशी असं बोलायचं असतं म्हणाल्या. माणसं मोजायचे आकडे तिकडे वेगळे असतात, तेही शिकवले. दोन नारळ म्हणजे एरडु, पण दोन माणसं म्हणजे इब्बरु. एकेक शब्द दुरुस्त झाला की मला वाईट वाटायचं. चुकीचे होते ते शब्द, पण माझ्या पोरीनं दिलेले होते.

एक दिवस माझं डोकं भयंकर दुखत होतं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी कपाळाला हात लावून विचारलं, बरं आहे का. बरं होतं. मी मोठ्या ऐटीत मला ठाऊक असलेलं वाक्य बोलले, "कम्मि आगिल्ल." त्यांचा चेहरा पडला. त्या उठल्या आणि कसलासा काढा करून घेऊन आल्या. मी म्हटलं, "नको हो, कम्मि, कम्मि!" त्या गोंधळल्या. मग हसल्या आणि सोललेल्या दाण्यांच्या भांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आयितु." झालं. न सोललेल्या ढिगावर हात ठेवून म्हणाल्या, "आगिल्ल." झालं नाही. 'कम्मि आयितु' म्हणजे कमी झालं. 'कम्मि आगिल्ल' म्हणजे कमी झालेलं नाही. नकार तिकडे शब्दाच्या शेपटीला असतो. आपला कान तेवढ्यात 'कमी' ऐकून मोकळा होतो.

मी शेंग हातात धरून तशीच बसले. अक्का काय काय विचारत होत्या. मला सांगताही येईना की नर्सनं त्या सकाळी काय सांगितलं होतं आणि मी काय ऐकलं. ताप उतरला नव्हता. आणि थोरलीला तर कन्नड येत होतं! तिला कळलं होतं. मी हरखून विचारलं म्हणून ती हो म्हणाली, की मला घाबरवायचं नाही म्हणून म्हणाली, की तापात तिला धड ऐकूही आलं नव्हतं? कुणाला विचारू? डॉक्टरांना सगळं माहीत होतं, उपचारात काही फरक पडला नसता, हे मला कळतं. पण ह्यांना मी घालवलं. बापाला लेकीजवळ बसता आलं असतं, आणि मी त्यांना म्हटलं, कारखान्यात चक्कर टाकून या. ह्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. त्यानंतर त्यांच्या गप्प बसण्यावर चिडणंही मी सोडलं, आणि त्यांना वाटलं, ही सावरतेय.

शिकणं मी सोडलं नाही. मार्चपर्यंत मला रस्त्यावरचं बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं. बोलताना अडखळायची, पण ऐकलेलं कळायचं. आता सांगून टाकावं धाकटीला, असं मी मनाशी ठरवलं होतं, त्याच सकाळी एक नवीन फुलवाली दारात आली. टोपलीत मोगरा आणि अबोली. धाकटी नेहमीसारखी माझ्यापुढं जाऊन उभी राहिली. फुलवालीनं माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि धाकटीला विचारलं, "मोठी मुलगी गेली म्हणे हिची. बिचारी. फार रडते का गं तुझी आई?"

मला प्रत्येक शब्द कळला. धाकटी ताठ उभी राहून म्हणाली, "इल्ल. नम्मम्म अळल्ल." नाही. आमची आई रडत नाही.

मी सवयीनं विचारून बसले, "काय म्हणतात गं?"

ती वळली. चेहरा असा की काही झालंच नाही. म्हणाली, "ती म्हणते, तुझे केस किती लांब आहेत."

मी म्हटलं, "हो का? तिला थँक्यू सांग."

फुलं घेतली, दार लावलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मग एकेक आठवायला लागलं. गॅसवाला म्हणतो, तुमचं घर फार स्वच्छ आहे. इस्त्रीवाली म्हणते, तुझा रंग छान आहे. समोरच्या बाई म्हणतात, तू केलेल्या पोळ्या त्यांना आवडल्या. गेले पाच-सहा महिने बंगळूरची माणसं माझं नुसतं कौतुक करत होती! सासूबाईंना मी पत्रातही लिहिलं होतं, इथले लोक फार गोड बोलतात, उगीच नावं ठेवायची मी. ते लोक काय काय विचारत असतील आणि सहा वर्षांची पोर एकटी दारात उभी राहून ते सगळं अंगावर घेत असेल, आणि मग आत वळून माझ्यासाठी काहीतरी गोड शोधत असेल. इतकं गोड तिला सुचायचं तरी कुठून? घरात तर कुणी कुणाशी गोड बोलत नव्हतं.

आणि आता मी अडकले. मला कन्नड येतं असं तिला सांगावं, तर तिला कळणार की फुलवालीचं मी ऐकलं. तिनं जिवापाड झाकलेलं सगळं आईनं उघडं बघितलं, हे त्या पोरीला कळू द्यायचं? आणि न सांगावं, तर ती माझ्यापुढून हलणार नाही, शाळेत जाणार नाही. मी रोज ठरवायची आणि रोज गप्प बसायची. दार वाजलं की तीच पुढं जायची, मी विचारायची, "काय म्हणतात गं?" आणि दोन्ही ऐकायची, आधी कन्नडमधलं खरं, मग मराठीतलं तिचं. असे मार्च, एप्रिल, मे गेले. ह्यांना फुलवालीचं सांगितलं तर ते म्हणाले, "सांगून टाक, लहान आहे, विसरेल." म्हटलं, "तुम्ही विसरलात?"

जूनमध्ये पहिलीचा वर्ग सुरू झाला. आदल्या दिवशी मी तिला नवा गणवेश घालून बघितला, वेण्या कशा घालायच्या ते ठरवलं. ती सगळं करू देत होती आणि एकच विचारत होती, "उद्या कुणी आलं तर?" म्हटलं, "कुणी येत नाही. आलं तर अक्का आहेत." तिला ते पटलं नाही, पण सकाळी माझा हात धरून निघाली.

शाळेच्या दारात वर्गाच्या नव्या बाई एकेका मुलाला आत घेत होत्या. आमची पाळी आली. बाईंनी माझ्याकडे बघून, हसून, कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु मक्कळु निमगे?" किती मुलं तुम्हाला? कुणीही विचारतं. धाकटीनं क्षणभरही थांबू दिलं नाही, म्हणाली, "आई, त्या विचारतात, डबा आणलाय का."

बाई उत्तराची वाट बघत होत्या. धाकटी माझं बोट ओढत होती, तिला घरी जायचं होतं, मला घेऊन. आत्ता बोलले नाही तर ही आत जाणार नाही, आणि आज गेली नाही तर कधीच जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी बाईंना म्हणाले, "इब्बरु. दोड्डवळु इल्ल." दोघी. मोठी नाही.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. धाकटी माझ्याकडे बघत होती.

"तुला येतं?"

"येतं गं थोडं."

"कधीपासून?"

खोटं बोलावंसं वाटलं. आत्ताच, कालपासून, असं काहीतरी. पण घरात दोघींनी मला खोटं सांगून झालं होतं, आता तिसरं नको होतं. म्हटलं, "थंडीपासून शिकत होते. अक्कांनी शिकवलं."

ती मनात काहीतरी जुळवत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता फुलवालीचं विचारेल, रडेल, मग मी तिला उचलून घेईन. कितीतरी दिवसांनी घेईन. त्यासाठी मी खाली वाकलेही.

ती म्हणाली, "मग मी कशाला?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कशाला म्हणजे?"

"तुला येतं तर मी कशाला?"

तेव्हा मला कळलं. त्या सगळ्या महिन्यांत मी तिला दुसरं काही विचारलंच नव्हतं. भूक लागली का, नाही. ताईची आठवण येते का, नाही. भीती वाटते का, नाही. काय म्हणतात गं, एवढंच. तिच्या हिशेबानं आई तिच्याकडे बघत होती ती तेवढ्यासाठी, आणि आज भर दारात मी तेही काढून घेतलं होतं. मी म्हणत राहिले, "अगं असं काय, तू माझी लेक ना, असं बोलतात का," आणि बोलताना मलाच ऐकू येत होतं की मी कुणाचीतरी समजूत काढणाऱ्या परक्या बाईसारखी बोलतेय. बाईंनी तिचा हात धरला. ती शहाण्यासारखी आत गेली. पलंगाची दांडी धरून बसणारी पोर रडलीसुद्धा नाही.

शाळा सुटायच्या तासभर आधी मी दारात जाऊन उभी राहिले. काय काय विचारायचं ते ठरवत होते. डबा खाल्लास का विचारेन, शेजारी कोण बसलं ते विचारेन, वेणी सुटली का ते विचारेन. घंटा झाली, मुलं बाहेर आली, त्यांत ती आली. मी दप्तर घेतलं, ते तिनं दिलं. डबा खाल्ला होता. शेजारी एक मुलगी बसली होती. तिचं नाव माहीत नव्हतं. मी शोधून शोधून विचारत होते आणि ती दोन शब्दांत उत्तर देत होती. कोपऱ्यापर्यंत आलो आणि माझ्याजवळचं सगळं संपलं. मग मी म्हटलं, "आणि बाई काय म्हणाल्या गं?"

तिनं माझा हात सोडला. म्हणाली, "तुला येतं ना आता. तूच विचार."